मस्टरवर एकोणीस

खडकेवाडी, ता. सांगोले
२४ फेब्रुवारी १९७४

चि. मायाप्पास,

कस्तुराक्काचा आशीर्वाद. पत्र नेहमीप्रमाणे बिरप्पा भावजी लिहीत आहेत, मी शेजारी बसून सांगते आहे. भावजी काल सोलापूरहून आले. अडतीच्या गोदामात हमालीचं काम बरं चाललं आहे म्हणतात.

तुझे दाजी मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला गेले आहेत, ते पावसाळ्याआधी काही येत नाहीत. आत्याबाईंचे गुडघे धरले आहेत, पण सासूचं तोंड शाबूत आहे, त्यामुळे घर जागच्या जागी आहे. तानावन्सं घरीच आहेत, शेळ्या राखतात. दोन वर्षं दुष्काळानं छळलं, यंदा चार पोती ज्वारी घरात आली.

तू खाणावळीत काय खातोस देव जाणे. मागच्या खेपेला आलास तेव्हा गालफडं बसली होती. आईबापाविना तुला वाढवला तो असा वाळवायला नव्हे. भावजींबरोबर डबा पाठवत जाईन.

कळावे.
कस्तुराबाई

ता. क. : डबा पोचता करणेसाठी मागल्याप्रमाणे पुढल्या पंधरवड्याचेही, तू कोणत्या दिवशी कोणत्या भागात फिरतीवर असतोस, ते तारीखवार कळवावे. कचेरीत डबा देणे बरे दिसत नाही.


सोलापूर
१ मार्च १९७४

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. तुझा ताजा कलम वाचून खाणावळीत एकटाच हसलो. ‘तारीखवार कळवावे’! अगं, आमचे साहेबसुद्धा माझ्याकडून इतका कडक हिशेब घेत नाहीत. बिरप्पाला सांग, वहिनी बोलते तसंच लिहीत जा. तुझ्या हातून वहिनी मामलेदार झाली.

माझं बरं चाललं आहे. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं. लेबर इन्स्पेक्टर झालो तेव्हा वाटलं होतं, रोज भांडणं होतील. कारखान्यात शिरायचं, मस्टर काढायला लावायचं, मस्टरवर नावं किती आणि कामावर माणसं किती ते जुळवायचं, पगाराचे अंगठे बघायचे, आठ तासांचे दहा तास होतात का ते विचारायचं. पण गेल्या दोन महिन्यांत मला एक शेठ चुकलेला सापडला असेल तर शपथ. जाईन तिथं अंगण झाडलेलं, मस्टर टेबलावर काढून ठेवलेलं, पाण्याच्या माठावर झाकणी. कचेरीतले लोक चिडवतात, ‘मायाप्पा, तुझ्या धाकानं सोलापूर सुधारलं.’ मलाही आताशा खरंच वाटायला लागलं आहे. मी कुणाचा चहा घेत नाही, पान घेत नाही, तासभर बसल्याशिवाय उठत नाही. बाकीचे पंधरा मिनिटांत सही करून उठतात. त्यांचा मला संताप येतो.

घे तुझं वेळापत्रक. सोमवारी ११ तारखेला नवी पेठेतली दुकानं. मंगळवारी विडीचे कारखाने. बुधवारी १३ ला गिरणीमागच्या गल्लीतले सूत धुण्याचे कारखाने, नागप्पा शेठचा पहिला. हे आधी कुणाला सांगायचं नसतं, पण तू काय शेठ नाहीस. बुधवारी दुपारी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात बिरप्पाला थांबायला सांग.

तुझा
मायाप्पा


खडकेवाडी
१० मार्च १९७४

चि. मायाप्पास,

तुझं कार्ड पोचलं. भावजींनी दोनदा वाचून दाखवलं. बुधवारी डबा येईल. शेंगपोळ्या केल्या आहेत, त्या चार दिवस टिकतात. तुला लहानपणापासून गिळायची घाई. सावकाश जेव, चावून खा.

घरी सर्व खुशाल.
कस्तुराबाई


सोलापूर
१३ मार्च १९७४, संध्याकाळ

ती. आक्का,

शेंगपोळ्या पोटात गेल्या आणि लगेच पत्र लिहायला बसलो. सहाच्या सहा संपवल्या.

आज नागप्पा शेठच्या कारखान्यात दीड तास ठाण मांडून बसलो. गंमत ऐक. वीस कामगार झाले की कारखान्याला प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, म्हणून त्या गल्लीत मस्टरवर सगळीकडे एकोणीसच नावं. शेठ लोकांना विसावा आकडाच येत नाही. म्हटलं, आज पकडतो. उठून डोकी मोजली, तर डोकीही एकोणीस! इतकं नीट कुठं असतं? माझा संशय बळावला. परत बसलो. पान न् पान उलटलं, प्रत्येकाला नाव विचारून अंगठ्याशी ताडून पाहिलं. शेठनं तीनदा चहा विचारला, मी तीनदा नको म्हटलं. मधेच मागे कुठंतरी धप्पकन आवाज झाला. विचारलं तर म्हणाला, सुताचं बाचकं पडलं. नाकात झणका बसत होता, पण सूत पांढरं करायच्या कारखान्यात ब्लीचिंग पावडरचा वास येणारच. शेवटी हात टेकले. भेटीच्या वहीत शेरा लिहिला : ‘एकोणीस कामगार, सर्व हजर, नोंदी व्यवस्थित.’ शेठ घामाघूम झाला होता. म्हटलं, प्रामाणिक माणसालाही आपला धाक वाटतो म्हणायचा.

बाहेर येतो तर कोपऱ्यावर तुझा दीर डबा घेऊन उभा. डबा माझ्या हातात कोंबला आणि निघाला. मी मनगट धरलं. म्हटलं, बस रे, माझं होईपर्यंत बस, रिकामा डबा घेऊन जा. तर म्हणे, ‘न्हाय पाव्हणं, लई घाई हाय.’ मी म्हटलं, गोदाम काय पळून जातंय? कोण वाट बघतंय का तुझी? आणि खांदा दाबून बसवला. तू सांगितलंस तसा सावकाश, चावून जेवलो, अर्धा तास. या पठ्ठ्यानं घासभर खाल्लं नाही. सारखा उठायचा, मी सारखा बसवायचा. शेवटी डबा तिथंच टाकून पळत सुटला. त्याला एखादी मुलगी बघा आता.

तुझा
मायाप्पा


सोलापूर
१५ मार्च १९७४

आक्का,

हे पत्र पोचायच्या आधी तानाबाई तुमच्या दारात आलेली असेल. गाडीत घालताना मी होतो. पुढे यायचं धाडस झालं नाही.

काल सकाळी कचेरीत निरोप आला, गिरणीमागच्या गल्लीतून दोन बायका सरकारी दवाखान्यात आणल्या आहेत, एक आणली तेव्हाच गेलेली होती. गल्लीचं नाव ऐकून मी धावत गेलो. माझ्या मनात काय होतं सांगू? मनात होतं की काल सगळं व्यवस्थित होतं, हा दुसरा कुठला तरी कारखाना असणार. चादर बाजूला केली. कपाळावर गोंदलेलं तुळशीचं रोप दिसलं. मी चादर परत टाकली. पुन्हा उचलली. पुन्हा तानाबाईच. तुझ्या लग्नात मला ओढत नेऊन मेंढीचं पिल्लू दाखवणारी तानाबाई. ती खडकेवाडीला शेळ्या राखते ना? तूच लिहिलंस ना? मी तिथल्या नर्सबाईंना सांगत राहिलो, ही नव्हे, ही गावाला असते.

व्हरांड्यात बिरप्पा बसला होता. मला बघून उठला नाही. म्हणाला, ‘पाव्हणं, चावी माज्या खिशात हुती.’

आक्का, बिरप्पा हमाल नाही. नागप्पा शेठचा मुकादम आहे. सांगोल्याकडच्या बायका कामाला आणतो. मस्टरवर एकोणीस, कामाला एकवीस. तपासणी आली की मस्टरवर नसलेल्या बायकांना मागच्या पावडरच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचं, साहेब गेला की काढायचं. रोजची रीत असल्यासारखं सांगत होता तो. परवा तानाबाई आणि सोनाबाई आत होत्या. पावडर ओल धरते म्हणून खिडकी पोत्यांनी बुजवलेली. अंधारात कुणाचा तरी धक्का लागून ॲसिडचा बुधला कलंडला, जमिनीवर सांडलेल्या पावडरीत गेला, आणि त्याचा विषारी धूर झाला. मी ऐकलेला आवाज तो होता. सुताचं बाचकं नव्हतं.

मला दिसू नये म्हणून बिरप्पा कुलूप लावून बाहेर गेला होता. कोपऱ्यावर, चावी खिशात घेऊन. आत काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं, पण खोलीत हवा नाही हे माहीत होतं. आणि मी त्याचा खांदा दाबून बसवत होतो. शेंगपोळी चावत होतो.

बाकीचे इन्स्पेक्टर पंधरा मिनिटांत उठतात. पंधरा मिनिटांत उठलो असतो तर ती वाचली असती. मी चोर असतो तर ती वाचली असती. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं.

एकच कळत नाही. त्या ओरडल्या का नाहीत? मध्ये एक भिंत होती. एक हाक मारली असती, दारावर एक थाप मारली असती, तर मी दार फोडलं असतं.

आणि आता तुला विचारतो. माझ्या फिरतीच्या तारखा तू दर पंधरवड्याला कशाला विचारत होतीस? दोन महिने त्या गल्लीतल्या शेठांना मी येणार हे आधी कळत होतं. ते माझ्या कार्डांतून कळत होतं. तुला हे ठाऊक होतं का? डबा हे निमित्त होतं का? आक्का, खरं सांग. तू ‘व्हय’ म्हणालीस तरी मी तुझाच आहे, पण खरं सांग.

मायाप्पा


खडकेवाडी
२१ मार्च १९७४

मायाप्पा,

ह्ये पत्र शाळंतल्या मथुराबाईंनी लिवलंय. बाई म्हणाल्या, तू बोलशील तसंच लिहिते, एक अक्षर माझ्या पदरचं घालत न्हाय. मग ऐक.

तुजं पत्र बाईंनी वाचलं. मधीच थांबल्या, डोळं पुसाय लागल्या. म्या म्हनलं, वाचा की, थांबू नगा. शेवटचं वाचून झालं. मी उटून भाईर गेले, शेरडाला पानी पाजलं, परत आत आले आन म्हनलं, बाई, त्ये परत वाचा.

बिरोबाच्यान सांगते, म्या तुला एकदाबी तारीक इचारली न्हाय. मला काय करायची तुजी गल्ली? भावजी म्हणायचं, वैनी, तुमी डबा द्या, पाव्हणं कुटं असतात मला ठावं हाय. त्ये खालचं ताजा कलम का काय म्हणतात, त्ये मला कुनी वाचून दावलंच न्हाय, आन तुज्या पत्रातल्या तारखाबी न्हाय.

आन म्या सांगिटल्यालं त्यात न्हवतंच व्हय रं? म्या दर पत्रात सांगत हुते, तानावन्सं दिवाळीपासनं सोलापुरात भावजीसंगं कामाला हायत. सुताच्या कारखान्यात हायत. त्येंना खोकला झालाय, जाऊन बघून ये, दवाखान्यात ने. दर पत्रात सांगत हुते, आन भावजी मान हलवून लिवत हुतं. तुजं उत्तर आलं की मी वाट बघायची, आता वन्संचं काय तरी असंल. कवाच नसायचं. मला वाटायचं, साहेब झाला माजा भाऊ, मजुरी करणाऱ्या बाईला भेटायची लाज वाटती आता त्येला. मी तुज्यावर मनात लई राग धरला मायाप्पा. तू माज्यावर धरलास. आन दोघांच्या मधी बसून भावजी लिवत हुतं.

वन्संना टेम्पोतनं उतरवलं तवा आत्याबाई उंबऱ्यात हुत्या. रडल्या न्हाईत. तोंडावरनं हात फिरवला आन इचारलं, ‘कामाला गेलेली माजी पोर, तिला कुलूप कशापायी लावलं?’ समदा गाव खाली बघत हुता. त्यांनी परत इचारलं. मग तिसऱ्यांदा इचारलं. भावजी माती देऊन तसंच रात्रीच्या गाडीनं गेलं.

तू जेव. उपाशी ऱ्हाऊ नगंस. तू खाल्लंस त्ये म्या पाठिवलं हुतं, म्याच सावकाश जेव म्हनलं हुतं.

कस्तुराबाई


सोलापूर
२ एप्रिल १९७४

ती. आक्का,

तुझी क्षमा कशी मागू कळत नाही. दोन महिने तुझ्या नावानं दुसराच माणूस माझ्याशी बोलत होता आणि मी हसत होतो. ‘वहिनी मामलेदार झाली’ म्हणून मीच लिहिलं. तेवढं दिसलं, पुढचं दिसलं नाही. इन्स्पेक्टर म्हणे!

आता पुढचं ऐक आणि हे मथुराबाईंकडूनच वाचून घे.

नागप्पा शेठनं पोलिसांत लिहून दिलं आहे की या दोन बायका त्याच्या कामावर नव्हत्याच. मागच्या दारानं सूत चोरायला शिरल्या, साहेब आलेले बघून पावडरच्या खोलीत लपल्या, आणि त्यांच्याच हातून बुधला सांडला. मुकादमानं खोली नेहमीप्रमाणे बंद केली, त्याला आत कुणी आहे हे माहीत नव्हतं. याला पुरावा काय जोडला आहे? माझा शेरा. ‘एकोणीस कामगार, सर्व हजर, नोंदी व्यवस्थित.’ खाली माझी सही, तारीख, वेळ. वकील म्हणतो, सरकारी अधिकाऱ्यानं स्वतः डोकी मोजली आहेत, यापरता आणखी काय हवं? आणि पुढे म्हणतो, कामगार असत्या तर ओरडल्या असत्या. चोर होत्या म्हणूनच गप्प बसल्या.

तानाबाई चोर! मी त्या कागदाकडे बघतच राहिलो. ते माझंच अक्षर होतं.

सोनाबाई वाचली आहे, पण तिचा घसा आतून भाजला आहे. डॉक्टर म्हणतात, दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. तिला लिहिता येत नाही. मी रोज जातो, कॉटजवळ उभा राहतो. ती माझ्याकडे बघते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी विचारतो, का ओरडला नाहीत? ती मान फिरवते.

कचेरीत साहेबांनी दार लावून मला सांगितलं, ‘शेरा चुकीचा होता असं तुम्ही म्हणालात तर पहिला प्रश्न येईल, कारखान्याला आधी कळलं कसं? मग तुमची नोकरी राहत नाही. बाई काही परत येत नाही. गप्प राहा.’

शेठचं खोटं पाडायला दोनच गोष्टी आहेत. एक, माझी कार्डं. फिरतीच्या तारखा माझ्या अक्षरात आहेत, त्यावर टपालाचे शिक्के आहेत. दुसरा बिरप्पा. तो बोलला तर तुरुंगात जाईल. कार्डं आली तर मी नोकरीतून जाईन. दोन्ही झालं नाही तर तानाबाई सरकारी कागदावर कायमची चोर.

तुझ्यापासून काही लपवणार नाही. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनात आलं होतं, आक्काला लिहावं, ती कार्डं चुलीत घाल. जिना उतरेपर्यंत तसंच वाटत होतं. मला माझी लाज वाटते. तुला कार्डं जाळावीशी वाटली तर मी तोंड उघडणार नाही. घर तुझं आहे, दीर तुझा, नणंद तुझी. तू सांगशील तसं करतो.

तुझा
मायाप्पा


खडकेवाडी
१४ एप्रिल १९७४

मायाप्पा,

परवा भावजी घरी आलं. दाढी वाढल्याली, चप्पल न्हाय पायात. आल्या आल्या इचारलं, ‘वैनी, पाव्हण्यांची कार्डं कुटं हायत?’ म्या म्हनलं, कशाला? तर म्हणं, ‘शेठनं सांगिटलंय, जाळून टाका, तुमाला शेतात हीर पाडून देतो.’ कार्डं पत्र्याच्या पेटीत हुती. भावजी पेटीला हात लावाय लागलं.

आत्याबाई भिताडाला टेकून बसल्या हुत्या. त्यांना म्या तुजं पत्र वाचून घेतलं तवाच समदं सांगिटलं हुतं. त्या म्हणाल्या, ‘बिरप्पा, हिकडं बस.’ भावजी बसलं. ‘माज्या लेकीला चोर म्हणत्यात, खरं का?’ भावजी म्हणालं, ‘आये, कागदावर म्हणत्यात नुसतं. गावात कुनी म्हणत न्हाय.’ आत्याबाई म्हणाल्या, ‘गाव म्हातारा व्हईल, मरंल. कागूद ऱ्हातुय. नवऱ्यानं टाकली तरी माज्या पोरीनं कुनाच्या मक्याच्या कणसाला हात लावला न्हाय. तू तिला कामाला न्हेलंस. तू कुलूप लावलंस. आता तूच जाऊन सांग, ही माजी भन, कामाला हुती.’

भावजी रडाय लागलं. ‘आये, मला धरून न्हेतील की गं.’

आत्याबाई म्हणाल्या, ‘न्हेऊ दे. भाकरी घिऊन मी येते तुरुंगात. पर तिला कुटं भाकरी द्यायला जाऊ?’

म्या भावजींना इचारलं, त्या दोघी वरडल्या का न्हाईत, तुमी काय सांगिटलं हुतं त्येंना? भावजींनी गुडघ्यात तोंड घातलं. लई येळ इचारलं, पर तेवढं एक त्येंनी सांगिटलं न्हाय.

कार्डं म्या आत्याबाईंच्या कमरंच्या पिशवीत घातल्यात. साहा हायत. तुज्या दाजींना मेंढरांपाशी निरोप धाडला हुता, त्यांनी सांगावा दिला, आये म्हणंल तसं. इनक्वायरी लागंल तवा आत्याबाई आन भावजी येतील. मी हितं घर धरून ऱ्हाते.

तुजी नोकरी जाईल. तुला शिकवायला म्या पाटल्या मोडल्या, वीस मेंढरं इकली, नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. तू साहेब झालास तवा गावभर पेढं वाटलं. मला लई वाईट वाटतंय मायाप्पा, खोटं कशाला बोलू? पर वन्संचं नाव माज्या भावाच्या अक्षरानं बुडालंय. त्ये तूच वर काढ.

कस्तुराबाई


सोलापूर
८ जून १९७४

ती. आक्का,

चौकशी काल संपली. आत्याबाई उद्या पोचतील आणि सगळं सांगतील, पण सोनाबाईच्या जबानीच्या वेळी त्यांना बाहेर बसवलं होतं. म्हणून तेवढं मी लिहितो. बिरप्पानं कुलपाचं आणि पत्रांचं सगळं कबूल केलं. पोलिसांनी त्याला तिथूनच नेलं. आत्याबाईंनी जाताना त्याच्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, ‘जेवून घे येळच्या येळी.’ नागप्पा शेठवर खटला भरला जाईल. माझी कार्डं मीच ओळखून दिली, सहाही. शेरा चुकीचा आहे असं लिहून दिलं. मी कालपासून निलंबित आहे. पुढे बहुतेक काढूनच टाकतील. त्याचं आता काही वाटत नाही.

तानाबाईचं नाव कामगार म्हणून लागलं. कागदावर लिहिलं गेलं, मी डोळ्यांनी वाचलं. आत्याबाईंनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

आता सोनाबाईनं सांगितलं ते.

सोनाबाईला खुर्ची दिली होती. आवाज फुटलाय, पण घोगरा, कुजबुजल्यासारखा. शेठचा वकील उठला. तो पहिल्यापासून एकाच गोष्टीवर अडून बसला होता. म्हणाला, ‘बाई, तुम्ही कामगार होता, तर दार का वाजवलं नाही? भिंतीपलीकडे सरकारी साहेब बसले होते. धूर झाला, श्वास कोंडला, तरी हाक मारली नाही. कामगार असा मरतो का? चोर मरतो.’

मी पुढे वाकलो. तीन महिने मी हाच प्रश्न विचारत होतो.

सोनाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘त्येंच्यासमूर सांगू का?’ चौकशी अधिकारी म्हणाले, सांगा.

ती म्हणाली, ‘मुकादमानं कुलूप लावताना सांगिटलं हुतं, आज आल्याला साहेब कस्तुरावैनीचा भाऊ हाय. तुमी सापडला तर वरचं साहेब म्हणतील, ह्येनं पाव्हण्यांना लपिवलं. त्येची नोकरी जाईल. म्हणून गप ऱ्हावा.’

वकील म्हणाला, ‘पण जीव जात असताना?’

‘मी दाराकडं चालले हुते. मला लई खोकला येत हुता. तानाबाईनं मला माघारी वढलं. माज्या तोंडावर हात दाबला आन सोताच्या तोंडात पदर कोंबला. म्हनली, खोकू नगंस सोने, थोडा दम धर. आमच्या वैनीनं मेंढरं इकून शिकिवलाय त्येला. आता जाईल की त्यो. जाईल आता.’

पलीकडे मी मस्टर पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला घेतलं होतं.

मायाप्पा